डिस्क घुर्र करते, टक् वाजते आणि बंद पडते: लॅपटॉपची वीज कमी पडत असेल का?

जात्याकाठी (अंबाजोगाई) · शनिवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे, पण डिस्कमध्ये काय आहे ते आधी सांगते, म्हणजे माझा जीव का टांगणीला लागलाय ते कळेल. मी निवृत्त शिक्षिका. गेली काही वर्षं केज, धारूर, कळंब, परळी या भागांत फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करते. आता दळायला गिरणी आहे, त्यामुळे जातं हळदीपुरतं निघतं. ज्या म्हाताऱ्यांना ओव्या तोंडपाठ होत्या त्यांतल्या कितीतरी जणी गेल्या. एक आजी मागच्या पौषात गेल्या. त्यांच्या आवाजाची एकच फाइल आहे आणि ती या डिस्कवर आहे. निम्म्याहून जास्त रेकॉर्डिंगची दुसरी प्रत नाही.

डिस्क १ टीबीची, खिशात मावणारी. जुन्या डेस्कटॉपवर नीट चालायची. तो बंद पडला म्हणून पातळसा नवा लॅपटॉप घेतला. त्याला डिस्क लावली की दिवा लागतो, आतून घुर्र असा आवाज चढत जातो, मग टक्, आवाज उतरतो, पुन्हा घुर्र, पुन्हा टक्. चार-पाच वेळा असं झाल्यावर कधी डिस्क दिसते, कधी ओळखता आली नाही म्हणून सूचना येते. दिसली तरी मोठं फोल्डर कॉपीला लावलं की मध्येच गायब. एकदा ‘स्कॅन करून दुरुस्त करा’ असं आलं, मी काही दाबलं नाही. इथल्या दुकानात म्हणाले, डिस्क गेली. पुण्याचा भाचा म्हणतो, पॉवरवाला हब घे (एका यूएसबी भोकाची चार भोकं करणारी, स्वतःचा वीज-अडॅप्टर असलेली डबी), सगळं नीट होईल. कुणाचं ऐकू?

मांजराकाठ (लातूर) · शनिवार, रात्री ९.३८

ताई, पहिलं काम म्हणजे डिस्क काढून बाजूला ठेवा. आज रात्री परत लावू नका. आणि ते ‘दुरुस्त करा’ दाबलं नाही हे फार बरं केलं. वीज अपुरी असताना दुरुस्ती चालली की डिस्कवर लिहिणं सुरू होतं आणि मध्येच वीज तुटली तर आहे ते पण विस्कटतं. एकुलती एक प्रत असेल तर आधी फक्त वाचायचं, लिहायचं काहीही नाही.

आता तीन गोष्टी बघून सांगा. डिस्कच्या पाठीवर किंवा चिठ्ठीवर व्होल्ट-अँपिअर काय छापलंय? केबल डिस्कबरोबर आलेली आहे का दुसरी, आणि किती लांब? लॅपटॉपच्या कुठल्या भोकात लावता?

जात्याकाठी · शनिवार, रात्री १०.०५

दादा, ५ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलंय. मूळची केबल घर बदलताना हरवली, ही बाजारातून आणली. पट्टीने मोजली, दीड मीटर आहे. बोटात धरली तर सुतळीपेक्षा बारीक लागते. लॅपटॉपला डावीकडे एकच जुन्या पद्धतीचं चौकोनी भोक आहे, आतली पट्टी निळी. तिथंच लावते.

मांजराकाठ · शनिवार, रात्री १०.४१

मग दुकानदाराचं लगेच खरं धरू नका. माझा नव्वद टक्के संशय त्या केबलवर आहे. का ते सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न इथं बऱ्याच जणांना पडलेला दिसतो.

शेतातली मोटार सुरू होताना घरातला बल्ब क्षणभर मंद होतो बघा. चालू मोटारीपेक्षा सुरू होणारी मोटार कितीतरी जास्त करंट ओढते. डिस्कच्या आत पण मोटारच आहे. थांबलेल्या तबकड्या मिनिटाला ५४०० फेऱ्यांवर न्यायच्या तर पहिल्या दोन-चार सेकंदांत ती १ अँपिअरच्या आसपास ओढते. एकदा वेग धरला की वाचता-लिहिताना निम्म्यावर येते, नुसती फिरत असताना त्याहून कमी. तुमच्या चिठ्ठीवरचा १ अँपिअर हा त्या सुरुवातीच्या झटक्याचा आहे.

लॅपटॉप काय देतो? यूएसबी २ च्या पोर्टने नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर द्यायचे, म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३ चं पोर्ट, जे बहुतेक वेळा निळं असतं, ते ९०० देतं, साडेचार वॅट. बरेच लॅपटॉप नियमापेक्षा थोडं जास्तच सोडतात, म्हणून छोट्या डिस्क चालतात. जुना डेस्कटॉप असाच सढळ हाताचा असणार. पातळ लॅपटॉपमध्ये पोर्टमागे करंट अडवणारी चिप असते, ती हात आखडता घेते.

तरी ९०० मध्ये बहुतेक छोट्या डिस्क सुरू होतात. तुमची अडते ती केबलमुळे. स्वस्त केबलमध्ये विजेची तार पण २८ गेजची असते (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक). अशा एक मीटर तारेचा रोध साधारण ०.२१ ओहम. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे दीड मीटरच्या केबलमध्ये तीन मीटर तार, एकूण ०.६४ ओहम. ०.९ अँपिअर ओढला की केबलमध्येच अर्ध्या व्होल्टहून जास्त खाल्ला जातो. लॅपटॉपमधून ५ निघाले तरी डिस्कपाशी ४.४ पोचतात. बहुतेक डिस्कना ४.७५ च्या खाली चालत नाही. डीपीपासून लांब, शेवटच्या खांबावरच्या मोटारीला होल्टेज मिळत नाही, ती नुसती घूं घूं करते, तोच हा प्रकार. मोटार वेग धरत नाही, होल्टेज पडतं, डिस्क हात टेकते, सुया (तबकडीवरचं वाचणारी हेडं) जागेवर आपटून परत येतात. तो तुमचा टक्.

उद्या एक फुटाची, जाड केबल आणा. केबलच्या अंगावर बारीक अक्षरांत २४ गेज छापलेलं असलं तर उत्तम. मघाचाच हिशोब तिला लावला तर जेमतेम ०.०५ व्होल्ट जातो.

जात्याकाठी · शनिवार, रात्री ११.०२

मोटारीचं लगेच कळलं दादा. जात्याचं पण तसंच असतं. थांबलेल्या जात्याचा खुंटा ओढायला दोघी लागतात, फिरायला लागलं की एकटी बाई ओवी म्हणत म्हणत ओढते.

हळदीचा_फोटोवाला (परभणी) · रविवार, सकाळी ७.५०

काकू, मांजराकाठ दादांनी केबलचं सांगितलं ते शंभर टक्के खरं. पण भाच्याने सांगितलेल्या हबबद्दल माझं ऐका, कारण त्याच हबने माझं नुकसान झालंय.

मी लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतो. दोन वर्षांखाली डिस्क अशीच तुटायली होती म्हणून अडॅप्टरवाला हब घेतला. डिस्क एकदम मस्त चालायली. मग सेलूचं एक लग्न करून आलो, रात्री कार्ड रिकामे करायलो होतो. लॅपटॉप बॅटरीवर, हबचा अडॅप्टर भिंतीच्या बोर्डात. पावणेबाराला लाईट गेली. लॅपटॉपला फरक पडला नाही, पण हब मेला आणि डिस्क लिहिता लिहिता बंद पडली. लाईट आल्यावर डिस्क फॉरमॅट करा म्हणू लागली. ती एक्सफॅट फॉरमॅटची होती, कॅमेऱ्याला पण चालावी म्हणून तशी ठेवलेली. दोन दिवस सॉफ्टवेअर चालवून बरंच परत मिळालं, हळदीचं शूटिंग मात्र गेलं. नवरीच्या आजोबांनी तिला हळद लावतानाचं तेवढं एकच चित्रण होतं. त्यांच्या घरी जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी मला पाणी दिलं आणि काही बोलले नाहीत.

परदेशातले, मुंबई-पुण्यातले लोक हब घ्या म्हणतात, कारण त्यांच्याकडे लाईट जात नाही. आपल्याकडे लॅपटॉपची बॅटरी हाच डिस्कचा यूपीएस आहे. हब लावला की डिस्क त्या बॅटरीवरून उठते आणि भिंतीवर जाऊन बसते.

पाणचक्की_रोड (छत्रपती संभाजीनगर) · रविवार, सकाळी १०.२०

परभणीकरांचं शेवटचं वाक्य या धाग्यातलं सगळ्यात कामाचं आहे. मी इलेक्ट्रिकलचा माणूस, त्यात थोडी भर घालतो.

हब लागणारच असेल, दोन-तीन डिस्क एका वेळी लावायच्या असतील, तर त्याचा अडॅप्टर घरच्या इन्व्हर्टरच्या लाईनवर ठेवा. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं: यूपीएस आणि नॉर्मल. बहुतेकांचं नॉर्मलवर असतं. तिथं लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो, पंख्याला ते कळत नाही, पण हबच्या छोट्या अडॅप्टरला कळू शकतं. यूपीएसवर ठेवलं की बदल खूप लवकर होतो. त्याची दुसरी बाजू अशी की यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर कमी होल्टेज खपवून घेत नाही, साधारण १८० च्या खाली गेलं की बॅटरीवर जातो. गावाकडे मोटारी चालू असतात त्या वेळात बॅटरी सारखी वापरली जाईल, तिचं पाणी बघत राहा.

हब विकत घेताना अडॅप्टरवरचा आकडा वाचा. चार भोकांच्या हबबरोबर ५ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर येत असेल तर चार डिस्क त्यावर चालणार नाहीत, हे साध्या बेरजेने कळतं. दोन डिस्कसाठी किमान ३ अँपिअर धरा.

आणि एक तपासणी करूनच हब लॅपटॉपला लावा. काही स्वस्त हब आपल्या अडॅप्टरची वीज उलट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये ढकलतात. बाजारात यूएसबीचं होल्टेज-करंट दाखवणारं अंगठ्याएवढं मीटर मिळतं. हबचा अडॅप्टर चालू करा, आणि हबची जी पिन लॅपटॉपमध्ये जाते ती लॅपटॉपऐवजी या मीटरमध्ये खुपसा. मीटर पेटलं तर हब उलटी वीज देतोय. तो परत करा, लॅपटॉपला लावू नका.

भाऊसाहेब_सेलू · रविवार, सकाळी ११.०५

दोन तोंडाच्या केबलचं काय? एका डिस्कला दोन पोर्टमधून वीज घेतात ती. माझ्याकडे जुन्या डिस्कबरोबर आलेली आहे, चांगली चालते.

पाणचक्की_रोड · रविवार, सकाळी ११.३०

ती यूएसबी २ च्या काळातली सोय आहे. एका पोर्टचे ५०० पुरत नाहीत म्हणून दुसऱ्याचे ५०० उसने. यूएसबीच्या नियमात ती बसत नाही, पण दोन्ही तोंडं एकाच लॅपटॉपमध्ये असतील तर बहुतेक वेळा चालून जाते. आधी वीज-तोंड लावा, मग डेटाचं. शेजारशेजारची दोन भोकं पुष्कळ लॅपटॉपमध्ये आतून एकाच चिपवर असतात, तेव्हा एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या बाजूला लावून बघा. दुसरं तोंड मोबाइलच्या चार्जरमध्ये घालू नका. चार्जर भिंतीवर, लॅपटॉप बॅटरीवर, म्हणजे परत परभणीचाच घोळ. आणि चार्जर हलक्या प्रतीचा असेल तर लॅपटॉपच्या पोर्टची चिप जाण्याची भीती वेगळीच.

मांजराकाठ · रविवार, दुपारी १.१५

पॉवर बँक पण नको. तिला चार्जिंगला लावली किंवा काढली की बऱ्याच पॉवर बँक क्षणभर वीज तोडतात. आणि डिस्क शांत फिरत असेल तर करंट कमी आहे म्हणून काही आपोआप बंदही होतात.

यूएसबी-सी पोर्ट (छोटं, लांबट गोल भोक) असेल तर ते आधी वापरा. त्यातून ५ व्होल्टला १.५ किंवा ३ अँपिअर देण्याची सोय असू शकते, लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बघून खात्री करा. शेजारी विजेच्या बाणाची थंडरबोल्टची खूण असेल तर १५ वॅटपर्यंत मिळतात, छोट्या डिस्कला ते भरपूर झाले.

उदगीरचा_पोऱ्या · रविवार, दुपारी ३.४०

माझी डिस्क मोठी आहे, विटेएवढी, तिला स्वतःचा अडॅप्टर आहे. लॅपटॉपला लावताना हाताला मुंग्या येतात. करंट आहे का?

पाणचक्की_रोड · रविवार, दुपारी ४.२५

साडेतीन इंची डिस्कला ५ शिवाय १२ व्होल्ट लागतात. लॅपटॉपच्या यूएसबीच्या भोकातून ते सहसा येत नाहीत, म्हणून तिला अडॅप्टर लागतो. तिचा अडॅप्टर इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर असल्याशिवाय तिच्यावर काहीही लिहू नका.

मुंग्या येणं म्हणजे अर्थिंग नसणं. अडॅप्टरच्या आत गोंगाट कमी करायला छोटे कपॅसिटर असतात, त्यातून अगदी थोडा करंट धातूच्या अंगावर येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या हातातून जातो. लॅपटॉप आणि डिस्क दोन वेगळ्या बोर्डांवर असतील तर त्यांच्यातला हा फरक यूएसबीच्या तारेतून वाहतो आणि पोर्टला ते सोसत नाही. दोन्ही एकाच तीन पिनच्या पट्टीवर घ्या. आधी वीज चालू करा, सगळ्यात शेवटी यूएसबी लावा. आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची जमीन भेगाळते, खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरतं. कोळसा-मीठ घालून बरीच वर्षं झाली असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या वाड्यात दोनच तारा आलेल्या असतात, तिथं तिसरं भोक नुसतं दिसायला असतं. तेही एकदा त्याच्याकडून तपासून घ्या.

उदगीरचा_पोऱ्या · रविवार, दुपारी ४.३१

वाडाच आहे आमचा. बोलवतो उद्याच.

गोदातीर (नांदेड) · रविवार, रात्री ८.१०

विजेचं झालं, आता सॉफ्टवेअरकडून होणारी वीजतोड. विंडोज बॅटरी वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशी टिक असते, ती काढा. पॉवर ऑप्शनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. कॉपी चालू असताना लॅपटॉपचं झाकण मिटू नका.

विंडोज १० च्या २०१८ मध्ये आलेल्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कला मुळातच ‘क्विक रिमूव्हल’ लागू असतं, त्यामुळे लोक सरळ वायर ओढतात. तरी सेफली रिमूव्ह करूनच काढा. ते केलं की डिस्क शिस्तीत सुया रॅम्पवर, म्हणजे त्यांच्या विसाव्याच्या जागी, नेऊन थांबते. वीज अचानक तुटली तर फिरत्या तबकडीच्याच जोरावर सुया घाईघाईत ओढून घ्याव्या लागतात. असं किती वेळा झालं याची नोंद डिस्क स्वतः ठेवते.

ती नोंद बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर आहे. पाच आणि सी-पाच या ओळी बघा. बदललेले आणि अडकलेले सेक्टर (तबकडीवरचे छोटे कप्पे) तिथं कळतात. शून्य असतील तर फार चांगलं. सी-शून्य म्हणजे ती घाईची ओढाताण. आकडे सोळाच्या पटीतल्या पद्धतीत दिसतात, ‘१०’ म्हणजे सोळा, घाबरून जाऊ नका. तापमान वर दाखवलेलं असतं. आपल्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, म्हणून डिस्क उशीवर, गादीवर ठेवू नका, फरशीवर पंख्याखाली ठेवा. पन्नाशीच्या पुढे गेली तर थांबवा.

चांगली वीज देऊनही टक् टक् तसंच राहिलं तर मग मात्र दोष सुयांचा आहे. तेव्हा परत परत चालू करू नका, डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडे न्या.

हळदीचा_फोटोवाला · रविवार, रात्री ८.३३

आणि काकू, दोन डिस्क एकाच वेळी लावून एकीवरून दुसरीवर कॉपी करू नका. आधी लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर घ्या, ही डिस्क काढा, मग नवी लावून तिच्यावर उतरवा. एसएसडी घेतली तर अजून बरं, तिला तबकडीच नाही म्हणून सुरुवातीचा झटका नाही. लिहिताना तीही चांगलीच ओढते, तेव्हा केबल तिला पण आखूडच. सगळ्यात आधी त्या आजींची फाइल.

जात्याकाठी · मंगळवार, सकाळी ८.४५

मंडळी, काल मोंढ्याजवळच्या दुकानातून एक फुटाची जाड केबल आणि ते छोटं मीटर आणलं. डिस्कच्या बाजूला मीटर लागत नाही, त्यामुळे जुनी केबल मोजता आली नाही. लॅपटॉपच्या पोर्टला मीटर लावलं आणि त्याला नवी केबल. डिस्क सुरू होताना आकडा ०.८७ अँपिअरपर्यंत चढला, होल्टेज ४.९१ वर राहिलं, पाचेक सेकंदांत करंट ०.३ च्या खाली आला. टक् एकदाही वाजलं नाही. नुसती घरघर, एकसारखी.

गोदातीर दादांनी सांगितलेल्या ओळी बघितल्या. पाच शून्य, सी-पाच शून्य. सी-शून्यमध्ये मात्र आकडा मोठा होता. या महिन्याभरात मी तिला किती वेळा धक्के दिले ते तिथं लिहून ठेवलेलं होतं. वाईट वाटलं.

रात्री नऊला कॉपी लावली. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून घेतली होती, झोपेच्या सेटिंग बंद केल्या होत्या. पहिल्यांदा आजींची फाइल घेतली, मग धारूरच्या बायकांचं फोल्डर, मग बाकीचं. दहा पन्नासला लाईट गेली. अंधारात लॅपटॉपचा पडदा थोडा मंद झाला, मीटरवरचा आकडा हलला नाही, डिस्कची घरघर तशीच चालू राहिली. मी पदराने वारा घेत तिच्या शेजारी फरशीवर बसून होते. लाईट सव्वाबाराला आली. एकला कॉपी संपली.

झोपायच्या आधी लॅपटॉपमधली आजींची फाइल लावली. आधी जातं ओढल्याचा आवाज येतो, मग त्या खाकरतात, सुनेला म्हणतात, ‘दाणे घाल गं’, आणि ओवी सुरू होते. सव्वीस मिनिटं पूर्ण वाजली.

मांजराकाठ · मंगळवार, सकाळी ९.२०

ताई, वाचून बरं वाटलं. फाइलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे जुळतोय का ते एकदा बघा. टेराकॉपी या कॉपीच्या सॉफ्टवेअरने तपासून घेतलंत तर फाइल आतून पण पडताळली जाते. ते झाल्याशिवाय जुन्या डिस्कवरचं काही पुसू नका. नवी डिस्क कधी आणताय?

जात्याकाठी · मंगळवार, सकाळी ९.४८

दोन आणतेय, दुपारी. एक माझ्याकडे राहील, एक भाच्याकडे पुण्याला. धारूरच्या सूनबाईंना त्यांच्या सासूची फाइल पेन ड्राइव्हवर हवी आहे, ती गुरुवारी घेऊन जाईन. जुनीवरचं काही पुसत नाही.